एका सहीने हुकली मास्टर्सची संधी : काय घडलं होतं १९६८ मध्ये?

क्रिकेटमध्ये धावा मोजायला स्कोअरर असतो. मोठ्या गोल्फ स्पर्धांमध्ये मात्र तुमच्या अधिकृत कार्डावर आकडे लिहितो तुमच्याबरोबर खेळणारा स्पर्धकच! त्याला म्हणतात 'मार्कर'. फेरी संपली की आपलं कार्ड आपणच तपासायचं आणि सही करून जमा करायचं. त्यानंतर ते आकडे पक्के.

पुढची गोष्ट कळण्यासाठी थोडे शब्द समजून घेऊ. होल पूर्ण करायला ठरलेले फटके म्हणजे 'पार'. एक फटका कमी लागला तर 'बर्डी', दोन कमी लागले तर 'ईगल' आणि एक जास्त लागला तर 'बोगी'. जितके फटके कमी, तितका स्कोअर चांगला.

आता चला अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल मैदानावर. १४ एप्रिल १९६८, मास्टर्सची शेवटची फेरी. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्झोचा त्या दिवशी ४५ वा वाढदिवस होता. पहिल्याच होलवर त्याने ईगल मारला. पार ४ असलेला १७ वा होल ३ फटक्यांत संपवला, म्हणजे बर्डी. शेवटच्या होलवर बोगी झाली, तरी फेरीचे फटके झाले ६५. चार फेऱ्यांची बेरीज २७७, अगदी बॉब गोल्बीइतकीच! म्हणजे दुसऱ्या दिवशी दोघांत प्लेऑफ होणार होता.

पण मार्कर टॉमी आरनने १७ व्या होलपुढे ३ ऐवजी ४ लिहिले होते. दे विसेन्झोच्या ते लक्षात आलं नाही आणि त्याने सही केली.

नियम असा आहे : प्रत्यक्षापेक्षा जास्त आकड्यावर सही केली, तर तोच आकडा ग्राह्य. कमी आकड्यावर केली, तर सहसा थेट बाद. ती बर्डी सगळ्यांनी पाहिली होती, तरी त्याचे फटके धरले गेले २७८. गोल्बी एका फटक्याने जिंकला. दे विसेन्झोने दोष दिला तो फक्त स्वतःला.

एवढा कडकपणा कशासाठी? मैदान एवढं पसरलेलं, की प्रत्येकामागे पंच फिरणं शक्य नाही. हा खेळ खेळाडूच्या शब्दावर चालतो आणि सही म्हणजे त्याने दिलेला शब्द.

गंमत बघा, १९७३ मध्ये हाच टॉमी आरन मास्टर्स जिंकला. त्या वेळी त्याच्या कार्डावरही मार्करने एक फटका जास्त लिहिला होता. आरनने मात्र सही करण्याआधी तो पकडला!