पाषाणचा दारूखाना

कोकणातल्या लोट्याच्या एमआयडीसीत पाळी सुटताना गेटवर उभे राहा, एक शब्द हमखास कानावर येतो. बॅच. कुणाची वेळेत निघाली, कुणाची तापमान चढल्यामुळे रखडली, कुणाची क्यूसीने परत पाठवली. रॉकेट मात्र इथल्या माणसाला फार दूरची गोष्ट वाटते. श्रीहरिकोटा, उलटी मोजणी, टाळ्या, आणि सगळे टीव्हीवर.

खरे तर घन इंधनावर उडणारे रॉकेट हीसुद्धा एक बॅचच असते. ती बनताना पाहिली तर लोट्यातला कुठलाही जुना ऑपरेटर निम्म्या गोष्टी न सांगता ओळखेल. महाराष्ट्रात हे काम ज्या सरकारी प्रयोगशाळेत चालते, ती पुण्याला पाषाणजवळ सुतारवाडीत आहे. हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी हे तिचे पूर्ण नाव, थोडक्यात एचईएमआरएल. जुने पुणेकर अजूनही तिला ईआरडीएल म्हणतात.

नैनितालहून पुण्याला

अग्निबाण आपल्याला नवा नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत त्याला नुसते 'बाण' म्हणत, आणि बारूद जिथे बने वा साठवली जाई त्या जागेला दारूखाना. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपूने बाणाला लोखंडी नळी दिली, त्यामुळे आतला दाब जास्त सोसता आला आणि पल्ला वाढला. इंग्रजांनी तो मार खाल्ला, मग ते बाण उचलून वुलिचला नेले. विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरूनच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपले रॉकेट तयार केले. आपल्याकडे पुढची शंभर वर्षे या विद्येचे काय झाले, ते सांगायला नकोच.

एचईएमआरएलचे मूळ १९०८ सालचे आहे. लष्कराची स्फोटके तपासणारी एक रासायनिक प्रयोगशाळा तेव्हा नैनितालला सुरू झाली. काम तपासणीचे होते. इकडे पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून होताच, १९४० साली तिथेच उच्च स्फोटकांचा कारखानाही उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९६० मध्ये पुण्यात एक्स्प्लोझिव्ह रिसर्च अँड डेव्हलपमेंट लॅबोरेटरी, म्हणजे ईआरडीएल, आकाराला आली. १९९५ साली तिचे नाव बदलले. नव्या नावातून 'एक्स्प्लोझिव्ह' हा शब्द गेला, काम तेच राहिले. शेजारीच पाषाणला एआरडीई ही शस्त्रास्त्रांची प्रयोगशाळा आहे. एक भांडे घडवते, दुसरी त्यात काय शिजवायचे ते ठरवते, अशी ही ढोबळ वाटणी.

इंधन म्हणजे नेमके काय?

गाडीचे पेट्रोल जळायला हवेतला ऑक्सिजन घेते. रॉकेट आपला ऑक्सिजन बरोबर नेते. द्रव इंधनाच्या रॉकेटात तो वेगळ्या टाकीत असतो, घन इंधनात तो इंधनातच कालवलेला असतो. दिवाळीतला भुईनळा हे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप. वात पेटली की थांबवता येत नाही, हा त्याचा दोष. पण भरून वर्षानुवर्षे कोठारात ठेवता येतो आणि हुकूम मिळाला की क्षणात सुटतो. लष्कराला नेमके हेच हवे असते.

जुन्या पद्धतीचे घन इंधन नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन यांचे असते. त्याला डबल बेस म्हणतात. मोठ्या रॉकेटांत आता बहुतेक ठिकाणी 'कंपोझिट' इंधन वापरतात. त्यात ढोबळमानाने सत्तर टक्क्यांच्या आसपास अमोनियम परक्लोरेट असते. ही पांढरी, मिठासारखी भुकटी ऑक्सिजन पुरवते. पंधरा-अठरा टक्के अॅल्युमिनियमची बारीक पूड असते, ती जळताना तापमान तीन हजार अंशांच्या घरात नेते. उरलेला भाग एचटीपीबी नावाच्या रबराचा. हे रबर सुरुवातीला काकवीसारखे दाट आणि वाहते असते. त्यात दोन्ही भुकट्या मळायच्या, शेवटी आयसोसायनेट वर्गातले घट्ट करणारे रसायन घालायचे, हवा काढून घेतलेल्या अवस्थेत ते मिश्रण मोटरच्या, म्हणजे रॉकेटच्या इंजिनाच्या, नळीत ओतायचे आणि साधारण साठ अंशांवर काही दिवस मुरत ठेवायचे. बाहेर निघते ते गाडीच्या टायरइतके चिवट रबर.

परक्लोरेटचे कण किती जाड-बारीक हेही महत्त्वाचे. सगळे एकाच आकाराचे घेतले तर मध्ये पोकळी राहते. म्हणून जाड आणि बारीक दोन-तीन आकार मिसळतात, जसे काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू. बारीक कण वाढवले की इंधन वेगाने जळते. इंधनाचा स्वभाव असा चाळणीवरही ठरतो.

ओलाव्याशी वैर

कोकणातल्या माणसाला पुढची गोष्ट लगेच कळेल. घट्ट करणारे आयसोसायनेट रबराशी जुळायच्या ऐवजी पाण्याशीही जुळते, आणि त्या वेळी कार्बन डायऑक्साइड सुटतो. फोमची गादी फुगते ती याच क्रियेने. गादीत बुडबुडे हवेच असतात, रॉकेटच्या इंधनात एक बुडबुडाही महागात पडतो. म्हणून मिश्रणाच्या खोलीतली हवा कोरडी ठेवावी लागते आणि भुकट्या वाळवून घ्याव्या लागतात. भर आषाढात लोट्याच्या उघड्या शेडमध्ये असे मिश्रण केले तर काय निघेल, याची कल्पना वाचकाने करावी.

बुडबुड्याचे एवढे भय का? इंधन नेहमी उघड्या पृष्ठभागावरून जळते, काही मिलिमीटर दर सेकंदाला, आत आत सरकत. चीर किंवा पोकळी असली तर ज्योत तिथे शिरते आणि जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो. वायू जास्त सुटतो, नळीतला दाब चढतो. चालू मोटरमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या पन्नास-सत्तर पट असणे नेहमीचेच. तो आणखी उसळला की रॉकेट न उडता फुटते. ओल लागलेला भुईनळा कधी फुसका निघतो, कधी हातात फुटतो, तसेच हे. म्हणूनच तयार मोटरची क्ष-किरण तपासणी होते आणि काही मोटरी जमिनीला जखडून पेटवून पाहतात. तिला स्टॅटिक टेस्ट म्हणतात.

मधले भोक

मोटरच्या इंधनाच्या मधोमध एक आरपार पोकळी असते. ओतताना तिथे साचा उभा करतात आणि मुरल्यावर काढून घेतात. ती पोकळी गोल असेल तर जळत जाताना तिचा घेर वाढतो, जोरही वाढत जातो. चांदणीच्या आकाराची असेल तर टोके झिजतात, घेर साधारण तेवढाच राहतो आणि जोर एकसारखा मिळतो. रॉकेट कधी किती ढकलायचे याचे सगळे गणित एका भोकाच्या आकारात बसवलेले. मला या शास्त्रातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ना व्हॉल्व्ह, ना पंप, ना सॉफ्टवेअर, आणि तरीही सेकंदासेकंदाचा हिशेब ठरलेला.

पिनाक

पुण्याच्या या कामाचे सर्वांत ओळखीचे फळ म्हणजे पिनाक. शंकराच्या धनुष्याचे हे नाव. लष्कराकडची रशियन बनावटीची ग्रॅड रॉकेटे कमी पल्ल्याची होती, त्यांच्या जागी स्वदेशी काही हवे म्हणून १९८६ च्या सुमारास एआरडीईने काम हाती घेतले. इंधनाची बाजू एचईएमआरएलची. २१४ मिलिमीटर व्यासाचे, जवळजवळ पाच मीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचे हे रॉकेट शंभर किलोचा दारूगोळा सुमारे अडतीस किलोमीटरवर नेते. एका गाडीवर बारा रॉकेटे बसतात आणि ती सगळी ४४ सेकंदांत सुटतात. १९९९ च्या कारगिल युद्धात पिनाक प्रत्यक्ष वापरून पाहिले गेले. पुढे पल्ला साठ किलोमीटरवर गेला, मार्गदर्शित पिनाकचा तर पंचाहत्तरच्या आसपास.

यातला मोठा वाटा महाराष्ट्राचाच आहे. बाहेरची नळी नागपूरजवळच्या अंबाझरीत घडते, दारूगोळा भरण्याचे काम चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या आयुधनिर्माणीत होते. आता नागपूरच्या खासगी कंपनीलाही तंत्र देऊन रॉकेटे करून घेतात. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्य कार्यालयही नागपूरलाच आहे. पुण्यात पाककृती ठरते आणि विदर्भात पंगत बसते, असे म्हटले तरी चालेल.

रणगाड्यावर सोडायच्या 'नाग' क्षेपणास्त्राची अडचण वेगळी होती. अॅल्युमिनियम जळला की पांढरा धूर निघतो, आणि धुराची रेघ सोडणाऱ्याची जागा शत्रूला दाखवते. तिथे कमी धुराचे इंधन लागते. म्हणजे प्रत्येक रॉकेटाला आपली पाककृती, आणि एका ठिकाणची दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही.

रॉकेटापलीकडे

एचईएमआरएलचे काम इंधनावर थांबत नाही. रणगाड्यांवर लावायच्या स्फोटक चिलखतावर इथे काम झाले. येणारा मारा आदळला की या चिलखतातला थर फुटतो आणि त्याची धार मोडतो. 'तेजस' विमानाचा वैमानिक अडचणीत सापडला तर डोक्यावरचे पारदर्शक छत क्षणात कापून काढणारी बारीक स्फोटकांची यंत्रणा एआरडीई आणि एचईएमआरएल या दोघींच्या कामातून आली. पोलिसांना संशयित भुकटी जागच्या जागी ओळखता यावी म्हणून रंग बदलून सांगणारी छोटी तपासणी पेटी, ईडीके, हीसुद्धा इथलीच. माझ्या मते या प्रयोगशाळेची सर्वांत उपयोगी वस्तू ही पेटी असावी, जरी तिच्यावर संचलनात टाळ्या पडत नसल्या तरी.

आणि सीएल-२०. अमेरिकेतल्या चायना लेक इथे १९८७ मध्ये पहिल्यांदा बनवलेले हे स्फोटक आरडीएक्सपेक्षा बरेच ताकदवान आहे. ते बनवण्याचे तंत्र एचईएमआरएलनेही साधले. बनवणे महाग आणि हाताळणे नाजूक, त्यामुळे त्याचा वापर अजून मोजका आहे.

एक केमिकल इंजिनिअर

रॉकेटची बाजू रसायनाने सांभाळता येते, हे दाखवणारा मराठी माणूस म्हणजे वसंत गोवारीकर. १९३३ साली पुण्यात जन्मलेले गोवारीकर बर्मिंगहॅमहून केमिकल इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट घेऊन आले आणि १९६७ मध्ये केरळातल्या थुंबाला, तिथल्या अग्निबाण केंद्रात रुजू झाले. घन इंधन देशात बनवण्याच्या कामात त्यांनी आपले बहुतेक बळ ओतले. १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे ते संचालक होते. त्यांच्याच काळात १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. आज पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात अशाच एचटीपीबी इंधनाचे सुमारे १३८ टन असतात.

कोकणातल्या शेतकऱ्याला मात्र गोवारीकर वेगळ्या कारणाने आठवतील. १९८८ साली पावसाचा अंदाज देणारे सोळा घटकांचे मॉडेल आले ते त्यांच्याच नावाने. रॉकेट आणि मृग नक्षत्र एकाच माणसाच्या वहीत!

भिंती, बांध आणि बूट

स्फोटकांच्या आवारात माणसाला वागणूक शिकवणारी व्यवस्था जागोजागी असते. इमारती एकमेकींपासून लांब आणि मध्ये मातीचे बांध, म्हणजे एक गेली तरी दुसरी वाचावी. मळण्याचे यंत्र चालू असताना माणसे आत नाहीत, कॅमेऱ्याने लांबून पाहायचे. अंगावर सुती कपडे, पायात वीज साठू न देणारे बूट, हत्यारे ठिणगी न पाडणाऱ्या धातूची. प्रत्येक खोलीत एका वेळी किती माणसे आणि किती माल, याची पाटी दारावर. नव्या स्फोटकाचा पहिला परिचय त्यावर वजन टाकून होतो, किती उंचीवरून पडल्यावर ते चिडते ते पाहायला.

लोट्यात काम केलेल्याला यातले बरेचसे ठाऊक असते, निदान कागदावर. फरक इतकाच की स्फोटकांच्या आवारात पाटीवरचा आकडा ओलांडत नाहीत.

बारावीनंतर रसायनशास्त्र घेऊन बसलेल्या खेड-चिपळूणच्या मुलामुलींसाठी एक व्यावहारिक सूचना. डीआरडीओची तांत्रिक पदे सेप्टॅमच्या परीक्षेतून भरतात, तिथे आयटीआय, डिप्लोमा आणि बीएस्सीवाल्यांना वाव असतो. शास्त्रज्ञाच्या पदासाठी इंजिनिअरिंगची पदवी किंवा एमएस्सी आणि गेट परीक्षेची तयारी लागते. जाहिराती डीआरडीओच्या संकेतस्थळावर येतात आणि मुदत फार नसते, तेव्हा आठवड्यातून एकदा पाहत चला.