तोल जाणारे मांजर

आपली वाडी आता शहराला लागली, तरी घरोघरी उंदीर आहेत आणि मांजरही आहे. हेच मांजर एखादे दिवशी मान वाकडी करून गोल फिरते, कोलमडते. बाधा झाली म्हणून त्याला पोत्यात घालून दूर सोडू नका. आधी पाहा, हे केव्हापासून आहे?

पिल्लू चालू लागल्यापासूनच डुलत असेल, तर बहुधा मांजरी गाभण असताना तिला विषाणूचा रोग झालेला असतो. त्याने पिल्लाच्या लहान मेंदूची वाढ खुंटते. हे दुखणे पुढे वाढत नाही. खाली गोणपाट अंथरा, उंचावर चढू देऊ नका. ते सुखाने जगते.

धडधाकट मांजर एकाएकी कलंडले, तर पुष्कळदा बिघाड कानाच्या आत असतो. शरीराचा तोल तिथूनच सांभाळला जातो. कानात तेल ओतू नका. कुत्र्याचे गोचिडांचे औषधही लावू नका. त्यातले परमेथ्रिन मांजराला विष आहे. सेमिनरी हिल्सवर १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवा.

मात्र लाळ गळत असेल, अंगावर येत असेल, तर हात लावू नका. ते पिसाळलेले असू शकते. चावलेच, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. गुरुजी, एवढे वर्गात मुलांनाही सांगाच.