तेल खाणारं इंजिन

इंदूर-इच्छापूर रस्त्यावर बुऱ्हाणपूरच्या आसपास कुठल्याही गॅरेजात ‘गाडी मोबिल खातेय’ असं निदान झालं, की मालकाच्या पोटात गोळा येतो. रिंगा गेल्या, खर्च आला! रोटरी इंजिन मात्र जन्मतःच तेल खातं; खायला मिळालं नाही तर ते बिघडतं.

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या या इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर त्रिकोणासारखा रोटर एका लंबगोल पोकळीत फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवरचे सील भिंतीला सतत घासतात. त्यांना वंगण मिळावं म्हणून माझदा या जपानी कंपनीच्या गाड्यांत एक छोटा पंप इंजिनातलंच थोडं थोडं तेल ज्वलनकक्षात सोडतो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला आपण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यायचो, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे रोटरी कार दिसणं दुर्मीळच. पण अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई या लष्करी वाहन संशोधन संस्थेने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या विमान संशोधन संस्थांसोबत 55 अश्वशक्तीचं, जेमतेम 30 किलोचं वांकेल इंजिन घडवलं. 2009 मध्ये ‘निशांत’ हे मानवरहित विमान कोलारजवळ त्याच्या बळावर उडालं.

आता तेलाचं. ‘सिंथेटिक तेल नीट जळत नाही, राख धरतं’ हा रोटरीवाल्यांचा जुना आक्षेप. राख होते खरी, पण ती मुख्यतः तेलात मिसळलेल्या कॅल्शियम, जस्त अशा धातूंच्या संयुगांची, आणि ती मिनरल तेलातही असतात. तेव्हा डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ या शब्दापेक्षा कंपनीच्या माहितीपत्रकातला ‘सल्फेटेड अ‍ॅश’चा आकडा पाहणं शहाणपणाचं. सिंथेटिक उष्णता जास्त सोसतं, आणि माझदाच्या इंजिनात रोटर आतून थंड करण्याचं कामही तेलाकडेच असल्याने हा गुण मोलाचा. पण जास्त दिवस टिकण्याचा त्याचा दुसरा मोठा फायदा इथे वाया जातो, कारण रोटरीत न जळलेलं पेट्रोल तेलात उतरून ते पातळ करतं. महाग असो की स्वस्त, तेल लवकर बदलावंच लागतं.

मे महिन्यातल्या बुऱ्हाणपूरच्या उन्हाला घाबरून उगाच जाड तेल भरू नये. 5डब्ल्यू-20 अशा तेलाच्या ग्रेडमधला 20 हा आकडा 100 अंश सेल्सियसवरच्या घट्टपणावरून ठरतो. बाहेर 45 अंश असले तरी चालत्या इंजिनातलं तेल त्याहून कितीतरी तापलेलं असतं. गाडीच्या पुस्तिकेतलीच ग्रेड, कमी राखेचं तेल आणि वेळेवर बदल, एवढं जमत असेल तर मिनरलही पुरतं. पेट्रोल भरताना मात्र तेलाची पट्टी काढून पातळी पाहाच.