अंगणवाडीतील बाहुली आणि रात्रीची भीती

“झोप, नाहीतर बागुलबुवा येईल,” हे वाक्य कधीच उच्चारले गेले नाही असे घर मराठवाड्यात शोधूनच काढावे लागेल. दिवसभराच्या श्रमांनी थकलेल्या मातेस मूल लवकर झोपावे असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकास कल्पित आणि वास्तव यांतील भेद पुरता उमगलेला नसतो. मोठ्यांनी सहज घेतलेले नाव त्याच्या दृष्टीने कोपऱ्यात उभे राहते. विशेष म्हणजे ही भीती ते मोठ्यांजवळ बोलून दाखवीत नाही. बाहुलीजवळ मात्र बोलते. अंगणवाडीत बाहुलीनाट्याची उपयुक्तता आहे ती नेमकी येथे.

बालाघाटाच्या डोंगराळ भागातील अहमदपूर तालुक्याचे उदाहरण घेऊ. तेथील खेड्यात दिवेलागण झाली की रातकिड्यांची किरकिर सुरू होते, आढ्यावर पाल चुकचुकते, शिवारातून घुबडाचा आवाज येतो. जुन्या पायमोज्यात कापूस भरून व दोन गुंड्या शिवून केलेले घुबड सेविकेच्या हातावर बसून म्हणू शकते, “मी ओरडतो तो माझ्या पिलांसाठी. तुमच्या कणगीतील धान्य खाणारे उंदीर मीच पकडतो.” रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो, हेही अशाच संवादातून सांगता येते. घुबडास अशुभ मानणाऱ्या आजोबांनी हा खेळ मुलांसमवेत पाहिल्यास अधिकच उत्तम.

याहून परिणामकारक आहे तो सावल्यांचा खेळ. भिंतीवर हलणारी सावली हे रात्रीच्या भीतीचे मोठे कारण असते, आणि वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात ती अधिकच थोर दिसते. पांढरे धोतर ताणून बांधावे, मागे दिवा ठेवावा आणि ज्वारीच्या धाटाला चिकटविलेले पुठ्ठ्याचे मांजर दिव्याजवळ न्यावे. पडद्यावर वाघाएवढे जनावर उमटते. पडद्याजवळ आणताच ते पुन्हा मांजर होते. मात्र खेळ येथे थांबवू नये. प्रत्येक मुलास पडद्यामागे नेऊन स्वतःच्या हाताने सावली लहानमोठी करू द्यावी. जी सावली आपण स्वतः केली, तिचे भय फारसे उरत नाही.

या कलेस महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या व चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दोऱ्यांवर नाचणारी बाहुली चालविण्यास वर्षांची साधना लागते, म्हणून अंगणवाडीसाठी हातमोजा व काठीची बाहुलीच सोयीची. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेल्या आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाड येथे वाढविलेल्या कार्यातही परिसरातील साध्या वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार करण्यावरच भर होता.

येथे एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे आहे. अंधार निरुपद्रवी असला तरी अंधारातील विंचू व साप निरुपद्रवी नसतात. मण्यार तर रात्रीच हिंडते. यास्तव कापडी सापाच्या मुखी “मला घाबरू नका” असे वाक्य घालणे धोक्याचे ठरेल. “मी दिसलो तर दूर उभे राहा आणि मोठ्यांना हाक मारा,” असेच त्याने सांगावयास हवे. अनवाणी बाहेर न जाणे, बॅटरीच्या उजेडात पाऊल टाकणे, हे बाहुलीने करून दाखवावे.

त्याचप्रमाणे बाहुलीने भित्र्या मुलास हसू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. झोपेतच हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर कित्येक रात्री मोठी माणसेही छपराखाली झोपावयास धजली नाहीत. लातूर जिल्ह्यातील जाणत्यांना, रात्रीचे भय पोरकट असते, हे सांगण्याची सोय नाही. खेळातील बाहुलीने आधी “मलाही भीती वाटते” असे म्हणावे आणि मुलांनाच उपाय विचारावा. मुले उपाय सांगतात: दार लावून घे, आजीजवळ झोप, दिवा बारीक ठेव.

खेळ संपल्यावर बाहुल्या कपाटात बंद न करता मुलांच्या हाती द्याव्यात. त्या मळतील, फाटतील. नव्या करण्यास लागणारे कापड, सुई-दोरा व पुठ्ठा यांचा खर्च अल्प आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते, त्यातून तो सहज भागू शकेल.