बॉस, प्रोसेसर कोण खातंय?

रात्रीचे साडेअकरा. सकाळी १० वाजता क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. आणि एक्सेलमध्ये एक आकडा बदलला की पुढची दोन मिनिटं नुसतं ते निळं वर्तुळ गरगर फिरतंय! माझा ५ वर्षांचा लॅपटॉप अक्षरशः धापा टाकत होता. ऑफिसमधल्या मित्राला फोन लावला, तर त्याचा सल्ला तयार, ‘टाक भंगारात. नवीन घे, ईएमआय आहे की!’

नवीन म्हणजे ५०-६० हजार. माझ्याकडे तेवढेच होते, पण ते आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेले. म्हटलं, आधी चोर तर पकडू.

विंडोजवाल्या मंडळींसाठी चोर पकडायची पहिली जागा म्हणजे टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, तो हजर! तिथे ‘सीपीयू’ या रकान्याच्या नावावर क्लिक केलं, की सगळ्यात खादाड प्रोग्रॅम वर येतो. माझ्याकडे पहिला नंबर क्रोमचा. उघडे टॅब ३४! पण त्यातला नेमका कोणता? क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं, की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. शॉपिंगचं एक पान एकटंच ताव मारत होतं. बंद केलं.

दुसरा नंबर ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’. नाव वाचून घाबरू नका. तो विंडोजचाच वॉचमन. स्कॅन चालू असलं की भरपूर खातो, संपलं की गप्प बसतो. त्याला हाकलायचं नाही.

मग ‘स्टार्टअप’ची यादी. लॅपटॉप सुरू होताच न बोलावता येऊन बसणारे पाहुणे! सहा जणांना ‘डिसेबल’ केलं आणि रीस्टार्ट मारला. टक्के झपकन उतरले.

तरीही लॅपटॉप ढिम्म! मी हात टेकले. तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली.

‘अरे, त्याचा पंखा किती ओरडतोय! गोधडीवर ठेवलायस, गुदमरला असेल तो.’

ट्यूब पेटली. ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘स्पीड’ पाहिला. बेस स्पीड २.४ गिगाहर्ट्झ, आणि गाडी चालली होती ०.८ वर! फंडा साधा आहे. प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. म्हणजे नुसते टक्के पाहून भागत नाही, वेगही पाहायचा.

लॅपटॉप बंद केला. खालच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडली, अर्धा तास गार होऊ दिला आणि जेवायचा पाट आणून त्यावर ठेवला. सुरू केला, तर स्पीड २.४ च्या वर! पहाटे दोनला प्रेझेंटेशन तयार.

पुढच्या शनिवारी दुरुस्तीवाल्याकडून पंखा साफ करून घेतला, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही बदलली. बिल ९०० रुपये.

आईचं ऑपरेशन ठरलेल्या तारखेला झालं. लॅपटॉप आता पाटावरच असतो. गोधडी आईने परत नेली. आणि मित्र? काल त्याचाच फोन आला होता, ‘यार, माझा लॅपटॉप फार स्लो झालाय...’

मी विचारलं, ‘ठेवलायस कशावर?’