चेंडूबद्दल बोलणारी माणसं

५ जानेवारी २०२५ रोजी सिडनीत बॉर्डर-गावसकर करंडक ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्सच्या हाती दिला तो एकट्या अ‍ॅलन बॉर्डर यांनी. करंडकावर ज्यांचं दुसरं नाव आहे ते सुनील गावसकर समालोचनासाठी त्याच मैदानात हजर होते. त्यांना कोणी बोलावलंच नाही. गावसकरांनी नाराजी लपवली नाही, आणि दोघांनाही बोलावलं असतं तर बरं झालं असतं, असं ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने नंतर मान्य केलं. मी हे बालाघाटला घरी बसून पाहिलं. दुपारचं जेवण गोड लागलं नाही.

त्याच महिन्यात आमच्या गावातल्या एका कोचिंग क्लासने दहावी-बारावीच्या मुलांसाठी प्रेरणेचा कार्यक्रम ठेवला होता. भाचीला सोडायला गेलो आणि मागे उभा राहून तासभर ऐकलं. पडद्यावर कमिन्स होता. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी, प्रचंड गर्दीला गप्प करण्यात वेगळंच समाधान असतं, अशा अर्थाचं तो बोलला होता, ती चित्रफीत. बाहेरगावाहून आलेला वक्ता मुलांना म्हणाला, तुम्हीही असंच सगळ्यांना गप्प करा. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पण त्या अंतिम सामन्यात, १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत, कमिन्सने केलं काय होतं? १० षटकं टाकली, ३४ धावा दिल्या, २ बळी घेतले. त्याच्या गोलंदाजीवर एकही चौकार गेला नाही. संथ खेळपट्टी ओळखून त्याने टप्पा आखूड ठेवला, वेग कमी-जास्त केला, कटर टाकले, आणि विराट कोहलीच्या बॅटला लागलेला चेंडू यष्ट्यांवर गेला. हे मुलांना समजावून सांगायला दहा मिनिटं पुरली असती. त्या तासाभरात यातलं अक्षरही नव्हतं.

घरी परतताना मला वडील आठवले, आणि त्यांच्या शेजारी बसून पाहिलेल्या हिवाळ्यातल्या पहाटा आठवल्या. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू आमच्याशी तेव्हाही बोलत होते. फक्त ते चेंडूबद्दल बोलत.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७७ साली केरी पॅकर यांनी बंडखोर क्रिकेट सुरू केलं, मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावले आणि समालोचन निवृत्त कर्णधारांच्या हाती दिलं. पॅकर यांच्या चॅनल नाईनची समालोचकांची ती खोली तिथून सुरू झाली. १९८१ ला मेलबर्नवर गावसकर चिडून चेतन चौहानांना घेऊन मैदानाबाहेर निघाले, १९८५ ला रवी शास्त्रींनी ऑडी गाडी जिंकली. हे सगळं मी नंतर वाचलेलं आहे, जगलेलं नाही. माझा काळ सुरू होतो १९९२ च्या विश्वचषकापासून आणि संपतो भारताच्या २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर.

वडील भरवेलीच्या मॅंगनीज खाणीच्या कचेरीत होते. थंडी बालाघाटची, वैनगंगेवरून येणारी. पहाटे पाचला शेगडी पेटायची, आई चहा टाकायची, आणि पवारी बोलणारे शेजारचे काका शाल गुंडाळून आमच्याकडे येऊन बसायचे. आमच्या घरात मराठी, अंगणात पवारी, शाळेत हिंदी. चौथी भाषा त्या पहाटांनी दिली. चॅनल नाईनवरच्या रिची बेनॉंचं इंग्रजी मला आधी कळलं, शाळेतलं नंतर. ते सावकाश बोलत, वाक्य पुरं करत, आणि चित्रात जे दिसतंय ते पुन्हा सांगत नसत. कधी अख्खं षटक जवळजवळ मुक्यानं जायचं. शेजारच्या काकांना वाटायचं आवाज गेला. वडील म्हणायचे, ‘‘आवाज नाही गेला, भाऊ. हा माणूस किती कमी बोलते पाह्य. सांगण्यासारखं असंल तवाच तोंड उघडते.’’

वडिलांना बेनॉंबद्दल आदर होता तो जुना. १९५९ साली कानपूरला जसू पटेलांनी एका डावात ९ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला हरवलं, तेव्हा समोरचे कर्णधार बेनॉ होते. वडिलांनी तो सामना रेडिओवर ऐकला होता. त्यांच्या कानावर दोन चांगले संस्कार झाले होते, मराठीत बाळ ज. पंडित आणि हिंदीत इंदूरचे सुशील दोशी. आपल्याला मैदान दिसत नसताना ते उभं करून दाखवणारी ही माणसं. त्यामुळे चित्र समोर असताना गप्प बसण्याची किंमत वडिलांना बरोबर कळत होती.

बेनॉ स्वतः लेगस्पिनर, कसोटीत २४८ बळी घेतलेले. शेन वॉर्न गोलंदाजीला आला की त्यांचा आवाज किंचित बदलायचा. मनगट कुठे आहे, चेंडू हातातून कुठल्या बोटावरून सुटला, फ्लिपर खाली का राहतो, हे ते दोन वाक्यांत सांगत आणि पुढचा चेंडू पाहायला आपल्याला मोकळं सोडत. आम्ही पोरं शाळेमागच्या मोकळ्या जागेत संत्र्यावर फ्लिपरची पकड शिकलो. बिल लॉरींचा चढता आवाज, इयान चॅपेल यांचं क्षेत्ररचनेवरचं बोट, टोनी ग्रेग यांचा उत्साह, प्रत्येकाची जागा ठरलेली होती. ग्रेग जन्माने दक्षिण आफ्रिकेचे, कर्णधार इंग्लंडचे, पण आमच्या लेखी ते चॅनल नाईनचेच. एप्रिल १९९८ मध्ये शारजात वाळूचं वादळ येऊन गेल्यावर सचिनने १४३ केल्या, दोन दिवसांनी वाढदिवशी १३४. ते दोन डाव आजही ग्रेग यांच्या आवाजाशिवाय आठवत नाहीत. समोर ऑस्ट्रेलियाचा संघ मार खात होता आणि ते फटक्याला फटका म्हणत होते. परक्याचं कौतुक असं मोकळ्या मनाने करावं, हे मी तिथे शिकलो.

त्या खोलीच्या पलीकडे, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी रेडिओवर, एबीसीवर, १९९१-९२ च्या दौऱ्यात एक मराठी माणूसही बोलून आला होता, हैदराबादचे हर्षा भोगले. कसोटी न खेळलेल्या भारतीयाला एबीसीने बोलावलं, ही बातमी वाचून वडिलांनी कात्रण कापून ठेवलं होतं. भोगले पुढे प्रेरणेच्या व्यासपीठावरही गेले, पत्नी अनिता यांच्याबरोबर त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी खेळाचं बोट सोडलं नाही. गावसकरांनीही सोडलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला रिषभ पंतने मारलेल्या फटक्याला त्याच एबीसीवर ते तीनदा मूर्खपणाचा म्हणाले. कडू होतं, पण ते एका चेंडूबद्दल होतं, आणि का चुकला हे त्यात होतं.

इयान चॅपेल यांच्याबद्दल एक सल मात्र माझ्या मनात राहून गेलाय. ते स्पष्ट बोलत आणि त्यासाठीच मला आवडत. पण २००७ च्या विश्वचषकात आपण पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, तेव्हा सचिनने आरशात पाहावं आणि निवृत्त व्हावं, असं त्यांनी लिहिलं. २४ फेब्रुवारी २०१० ला आमच्याच मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरला, सचिनने एकदिवसीय क्रिकेटमधलं पुरुषांचं पहिलं द्विशतक काढलं. त्या रात्री मी चॅपेल यांचा जुना लेख शोधून पुन्हा वाचला. माणूस मोठा होता, पण तो लेख चुकला होता.

त्यांचे धाकटे भाऊ ग्रेग यांचं प्रकरण जास्त जड आहे. २००३ च्या दौऱ्याआधी सौरव गांगुली त्यांच्याकडे सिडनीला शिकायला गेला आणि ब्रिस्बेनला १४४ करून आला. फलंदाजी शिकवणारे ग्रेग चॅपेल असे होते. २००५ मध्ये तेच प्रशिक्षक होऊन आले आणि वृत्तीबद्दल, बदलाबद्दल, प्रक्रियेबद्दल बोलू लागले. गांगुलीविषयीचा ई-मेल फुटला, संघ दुभंगला, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये ते गेले. फलंदाजाच्या पायाकडे पाहणारा गुरू माणसांच्या मनाचा कारभार करायला निघाला, आणि तिथे त्याला काही जमलं नाही. पुढे प्रेरणेच्या नावाखाली जे सगळीकडे पसरलं त्याची पहिली चुणूक मला तिथे दिसली.

२००८ चं वर्ष यात वेगळं काढावं लागेल. आयपीएलमध्ये राजस्थानला कोणी मोजत नव्हतं. कर्णधार वॉर्न, आणि सलामीला ग्रॅमी स्मिथबरोबर गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर, ज्याचं नाव गोव्याबाहेर फारसं कोणी ऐकलं नव्हतं. वॉर्नने त्याला ‘गोव्याची तोफ’ म्हटलं, वर पाठवलं, आणि त्याने ९ सामन्यांत ३११ धावा केल्या. १ जूनला नवी मुंबईत करंडक उचलला तेव्हा मी ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं. एकोणीस वर्षांच्या रवींद्र जडेजालाही वॉर्ननेच हाताखाली घेतलं. कोणाला प्रेरणा द्यायची म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी हा उन्हाळा दाखवीन. ज्याला जे येतं ते वॉर्नने पाहिलं आणि ते करायची जागा दिली.

नंतरची वर्षं मी भराभर उलटतो. ब्रेट लीने आशा भोसलेंबरोबर गाणं गायलं होतं, पुढे चित्रपटही केला. अँड्र्यू सायमंड्स २०११ मध्ये ‘बिग बॉस’च्या घरात दुभाषा घेऊन गेला. डेव्हिड वॉर्नर तेलुगू गाण्यांवर नाचू लागला, आणि आमच्या बालाघाटची पोरं त्याला फलंदाज म्हणून कमी आणि त्या नाचासाठी जास्त ओळखतात. ही माणसं वाईट नाहीत, भारतावर त्यांचा लोभ खरा आहे. स्टीव्ह वॉने बराकपूरच्या ‘उदयन’मध्ये कुष्ठरुग्णांच्या मुलींसाठी १९९८ पासून जे उभं केलं, ते आनंदवन पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला कळेल. पण पडद्यावरून शिकवणं मात्र संपलं. आता सामना लावला की चार जण एकदम बोलतात, चेंडू सुटायच्या आधी ओरडतात, मध्ये जाहिरात घुसते, आणि मनगट पाहायला क्षणही मिळत नाही.

आणि ज्यांनी शिकवलं ते एकेक करून गेले. टोनी ग्रेग २०१२ च्या डिसेंबरात, बेनॉ १० एप्रिल २०१५ ला. डीन जोन्स २४ सप्टेंबर २०२० ला मुंबईत, आयपीएलचं समालोचन करायला आलेले असताना. वॉर्न ४ मार्च २०२२ ला, अवघ्या बावन्नाव्या वर्षी. ज्यांच्या मराठी लेखांमधून मी ते सगळे दौरे पुन्हा जगलो, ते द्वारकानाथ संझगिरी ६ फेब्रुवारी २०२५ ला गेले. त्या दिवशी मला वाटलं की आता त्या पहाटांबद्दल बोलायला माझ्या ओळखीचं कोणी उरलं नाही.

या मृतांच्याच गोष्टी आता प्रेरणेच्या बाजारात फिरतात, पण हात-पाय तोडून. जोन्स यांची मद्रासची गोष्ट घ्या. १९८६, असह्य उकाडा, जोन्स ओकत होते, आणि बॉर्डर म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसरा दमाचा गडी आणतो. जोन्स यांनी २१० केल्या. गोष्ट इथे संपवतात. पुढे त्यांना रुग्णालयात नेऊन सलाईन लावावं लागलं, हे मुलांना सांगत नाहीत. किंवा वॉर्न. जानेवारी १९९२, सिडनी, पहिली कसोटी, १५० धावांत १ बळी. शास्त्रींनी त्या सामन्यात २०६ केल्या आणि तो एक बळीही शास्त्रींचाच. तिथून थेट उडी ७०८ बळींवर. मधला टेरी जेनर कुठे गेला? जुगारापायी पैशांची अफरातफर करून तुरुंगात जाऊन आलेला जुना लेगस्पिनर, ज्याने अ‍ॅडलेडला वॉर्नकडून तासन् तास गोलंदाजी करवून घेतली, त्याला व्यायाम करायला लावलं, त्याचा हात घडवला. त्याला वगळलं की मुलाला वाटतं, मनात आणलं की होतं. आणि झालं नाही, की त्याला वाटतं आपलं मनच कमी पडलं. दहावीतलं पोर या विचाराने किती खचतं, हे मी आमच्याच घरात पाहिलंय.

मध्य प्रदेशला तर हे समजायला लांब जायला नको. २६ जून २०२२ ला बंगळुरूत मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. १९९९ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. पंडित कडक शिस्तीचे, मुलांना सरावात घाम काढायला लावणारे. ती पोरं घडली मैदानात, पडद्यासमोर बसून नव्हे.

आमच्या मुलना स्टेडियमवर आजही संध्याकाळी मुलांना शिकवणारी माणसं आहेत. कोणी हॉकीची काठी धरायला शिकवतं, कोणी चेंडूची शिवण कशी धरायची ते. त्यांना कोणी हार घालत नाही, व्यासपीठावर बोलावत नाही. बालाघाट, वारासिवनी, कटंगीच्या शाळांना आणि कोचिंग क्लासच्या चालकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमाला यांच्यापैकी एकाला बोलवा, बाहेरच्या वक्त्याला देता तेवढंच मानधन द्या, आणि त्यांच्या हातात माइक देण्याआधी एक चेंडू द्या.