माळवदाचे दगडी घर

माळवदाचे दगडी घर हा मराठवाडा व लगतच्या दख्खन पठारावरील खेड्यांत आढळणारा पारंपरिक घराचा प्रकार आहे. जाड दगडी भिंती, आतील लाकडी सांगाडा आणि मातीचे सपाट छत ही त्याची प्रमुख अंगे होत. अशा छतास माळवद किंवा धाबे म्हणतात. कमी पाऊस आणि कडक उन्हाळा असलेल्या प्रदेशात हा प्रकार रूढ झाला.

भिंती

पठारावर काळा बेसाल्ट दगड मुबलक मिळतो. सामान्य घरांत तो फारसा न घडवता मातीच्या गाऱ्यात रचला जातो, तर संपन्न कुटुंबांच्या वाड्यांत घडीव दगड व चुना वापरलेला दिसतो. भिंतीची जाडी बहुधा ६० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असते. वरून एकसंध दिसणारी ही भिंत वस्तुतः आतील व बाहेरील अशा दोन थरांची असते. मधली जागा कपच्या व माती यांनी भरतात. भिंतीच्या जाडीतच कोनाडे काढलेले असतात.

सांगाडा व छत

दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात आणि घराचा विस्तारही खणांतच सांगितला जातो. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर चोपून बसवलेला मातीचा जाड थर अशी छताची रचना असते. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी छतात साणे ठेवतात. जाड भिंती व मातीचे छत यांमुळे उन्हाळ्यात घर थंड राहते. गळती थांबविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती घातली जाते. त्यामुळे छताचे वजन वर्षानुवर्षे वाढत जाते.

१९९३ चा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली. हादऱ्यांनी भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटून ढासळले. जेथे छताचा भार थेट भिंतींवर होता, तेथे माळवदही खाली आले. याउलट, छत लाकडी खांबांवर पेललेल्या अनेक घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला.

बळकटीकरण

भूकंपानंतर दगडी घरांविषयी लोकांच्या मनात भीती बसली. तथापि दोष दगडाचा नसून बांधणीचा होता. दोन्ही थरांना आरपार जोडणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसविल्यास भिंत फुटत नाही. भारतीय मानक १३८२८ (१९९३) मध्ये असे दगड दर ६० सेंटिमीटर उंचीवर बसवावेत आणि भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे सुचविले आहे. जुन्या घरांत भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरणे, माळवदावरील जादा माती उतरविणे आणि भिंतींना चहूबाजूंनी आडवा पट्टा बांधणे, हे उपाय करता येतात.